बर्फाचा अधिकृत मुहूर्त

"ते माझ्यावर सोड," असं मर्विन डकेट म्हणाला, की त्याची बायको ग्लेनिस मनातल्या मनात देवाचं नाव घेत असे. घरामागचा कोसळलेला पत्र्याचा मांडव, मुलीच्या लग्नात भाषणाच्या मध्येच बंद पडलेला माईक, शेजारच्या रॉस पिगटची हरवलेली मांजर, ही सगळी प्रकरणं याच तीन शब्दांनी सुरू झाली होती. मांजर शेवटपर्यंत सापडली नाही. तिला शोधायला झाडावर चढलेला मर्विन मात्र अग्निशमन दलाला सापडला.

त्यामुळे फेब्रुवारीतल्या, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, त्या सकाळी खरी चूक झाली ती ग्लेनिसची. बाहेर असं ऊन होतं की काकाकुवेसुद्धा तारेवर बसायचं सोडून पाण्याच्या टाकीखाली बसले होते. ग्लेनिस फ्रीजचं वरचं दार उघडून, बर्फाच्या कप्प्यात जवळजवळ तोंड घालून उभी होती. तिथूनच ती म्हणाली, "मर्व्ह, मला एकदा बर्फ पडताना बघायचाय. पडलेला नाही. पडताना."

"ते माझ्यावर सोड," मर्विन म्हणाला.

टॅलो फ्लॅट हे गाव नावाप्रमाणेच सपाट. उंच म्हणण्यासारख्या गोष्टी दोन, गव्हाचं उंच कोठार, म्हणजे सायलो, आणि रेल्वेवरचा पूल. पाहुणे आले की लोक त्यांना पुलावर नेऊन देखावा दाखवतात, आणि देखाव्यात सायलो दिसतो. ग्लेनिसचं सगळं आयुष्य या दोन उंचींच्या मध्ये गेलं होतं. तिने नवऱ्याकडे फारसं कधी काही मागितलं नव्हतं. बर्फ मात्र मागितला होता, आणि तोही दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेस मर्विन तिला ऑक्टोबरात घेऊन गेला होता, कारण ऑक्टोबरात रस्ते रिकामे असतात असं त्याच्या लक्षात आलं होतं. रस्ते रिकामे का असतात हे तिथे पोहोचल्यावर कळलं. सगळीकडे चिखल होता, आणि घरट्यावर बसलेल्या एका मॅगपायने मर्विनचं टक्कल फोडलं. परतीच्या वाटेवर ग्लेनिस एक अक्षर बोलली नाही. ती रागावली असती तर त्याला चाललं असतं, पण ती गप्प बसून खिडकीबाहेरचे सपाट माळ बघत होती, आणि ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

यंदा तर तिची बहीण मॅव्हिसही मध्ये पडली. मॅव्हिस क्वीन्सलंडात समुद्रकाठी राहते आणि मर्विनबद्दल तिचं मत लग्नाच्या दिवशी जे झालं ते आजतागायत बदललेलं नाही. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, "या हिवाळ्यात तुला त्याने बर्फ दाखवला तर ठीक. नाही तर यापुढचे सगळे हिवाळे तू माझ्याकडे. आयुष्यात मर्विनचं गाडी चालवणं सोडून बघण्यासारखं बरंच काही असतं." ग्लेनिसने यावर "बरं" म्हटलं. ते 'बरं' मर्विनने दुसऱ्या खोलीतून ऐकलं, आणि त्या रात्रीपासून डोंगरावर जायचा उत्तम काळ कोणता हा प्रश्न त्याने हाती घेतला.

मर्विन शायरच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, रस्ते विभागात होता. तिथे साधा गतिरोधक घालायचा तरी आधी हरकती आणि सूचना मागवतात. मर्विनने त्याच शिस्तीने कुंपणापाशी खुर्ची टाकून रॉसपासून सुरुवात केली. रॉस पिगट हा निवृत्त लोकर कातणारा. त्याची पाठ गेली होती, पण मतं शाबूत होती.

"जानेवारी?" मर्विनने विचारलं.

"जानेवारी-फेब्रुवारीत तिथल्या माश्या माणसाचा लचका तोडतात गड्या. आणि माश्यांनी सोडलं तर आगी लागतात."

"मार्च?"

"सायकलवाले. अख्खा घाट अडवून चालतात, त्या तसल्या चड्ड्या घालून. ग्लेनिसला हे दाखवणार का तू?"

"ईस्टर?"

"ईस्टरला अख्खं मेलबर्न वर असतं. त्यापेक्षा मेलबर्नलाच जा, रिकामं सापडेल."

मे महिना डोंगरात नसतोच, असं रॉसचं म्हणणं पडलं. पानं गळून गेलेली, बर्फ आलेला नाही, हॉटेलवाले स्वतःच सुट्टीवर. जुलैत शाळांना सुट्टी, म्हणजे पायाला फळ्या बांधलेली पोरं वरून थेट अंगावर येणार. ऑगस्टात रॉसच्या चुलतभावाने हॉटेलबाहेर उभी केलेली गाडी वसंतात सापडली. सप्टेंबरात सगळं वितळून वाहायला लागतं. ऑक्टोबर म्हणताच मर्विनने स्वतःच टकलावरून हात फिरवला. नोव्हेंबरात पाऊस, आणि डिसेंबरात नाताळला मॅव्हिस.

असे अकरा महिने हरकतींत वाहून गेले. उरला जून.

"जूनमध्ये मी गेलो होतो, तरुणपणी," रॉस म्हणाला आणि खुर्चीत सावरून बसला. "राजाच्या वाढदिवसाच्या जोडसुट्टीत. तेव्हा राणी होती. कमरेइतका बर्फ."

ही हकीकत मर्विनने पूर्वी ऐकली होती. तेव्हा बर्फ गुडघ्याइतका होता, पण वयोमानाने बर्फ वाढतो हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कारण तोवर त्याच्या हाती माउंट फॅरियरचं माहितीपत्रक आलं होतं, आणि त्यात लिहिलं होतं की बर्फाच्या हंगामाचं अधिकृत उद्घाटन राजाच्या वाढदिवसाच्या शनिवारी सकाळी होईल. रविवारी खेळ, सोमवारी सुट्टी. मर्विनने 'अधिकृत' या शब्दाखाली रेघ मारली. ज्या गोष्टीचं अधिकृत उद्घाटन ठरलेलं आहे ती गोष्ट जागेवर नसेल, ही शक्यता नोकरीत मुरलेल्या माणसाला सुचत नाही.

खरं तर त्याला सुचायला हवी होती. दोनच वर्षांपूर्वी त्याच्याच विभागाने एका सायकलमार्गाचं अधिकृत उद्घाटन केलं होतं. महापौरबाईंनी फीत कापली, सायकलवर बसल्या, वळणापलीकडे गेल्या, आणि पुढे मार्ग संपून मेंढ्यांचा गोठा लागल्यामुळे सायकल हातात धरून चालत परत आल्या. कार्यक्रमाची सगळी आखणी मर्विनने केली होती.

पलीकडच्या घरातल्या मिसेस झानेट्टींनी मात्र सरळ हरकत घेतली. त्या मुलगी असताना इटलीच्या डोंगरातून आलेल्या. टॅलो फ्लॅटमध्ये बर्फात वाढलेलं माणूस तेवढं एकच, त्यामुळे स्वाभाविकच त्यांना कोणी काही विचारत नसे. त्या टोपलीभर टोमॅटो घेऊन आल्या होत्या.

"मर्व्हिनो, बर्फाला कॅलेंडर कोण वाचून दाखवतं?"

"उद्घाटन आहे, मिसेस झानेट्टी. बँड येणार आहे."

"बँड ऐकून बर्फ पडतो? आणि राजाचा वाढदिवस तरी त्या दिवशी खरा असतो का?"

"खरा नसतो," मर्विन म्हणाला. "अधिकृत असतो."

मिसेस झानेट्टींनी टोमॅटो ग्लेनिसच्या हातात दिले. मग तिलाच बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ पोरी, बर्फ यायच्या आधी वारा पडतो. सगळं गप्प होतं, अगदी कानात कापूस घातल्यासारखं. तेव्हा तूही गप्प राहायचं. कोणाला हाक मारायची नाही. हात पुढे करून नुसतं उभं राहायचं." ग्लेनिसने ते नीट ऐकून घेतलं. मर्विन तेव्हा रॉसला 'अधिकृत' म्हणजे काय ते समजावून सांगत होता.

रजेचं काम सोपं नव्हतं. त्या जोडसुट्टीत कचेरीतल्या सगळ्यांनाच शुक्रवार हवा असतो. विभागप्रमुख शेरिल गथरी अशा वेळी नावांच्या चिठ्ठ्या टोपीत घालते. मर्विनने सांगितलं, की बायकोला बर्फ दाखवायचाय. शेरिलने टोपी बाजूला ठेवली आणि शुक्रवार त्याला दिला. "ऑक्टोबरातलं ऐकलंय मी," ती एवढंच म्हणाली. मर्विनला शुक्रवार मिळाल्याचा आनंद झाला आणि तो कसा मिळाला याचं वाईट वाटलं.

आता राहिल्या साखळ्या. डोंगराच्या रस्त्यावर त्याच शनिवारपासून प्रत्येक साध्या गाडीत, चाकं बर्फावर घसरू नयेत म्हणून त्यांना चढवायच्या साखळ्या लागतात, नाहीतर नाक्यावरून परत पाठवतात. बाकीची जनता या साखळ्या पायथ्याच्या टंबल क्रीक गावातून जाताजाता भाड्याने घेते, गाडीत टाकते आणि विसरते. मर्विनने त्या दोन आठवडे आधी बसने मागवल्या, कारण आयत्या वेळी रस्त्यात वाकून धडपडणारा माणूस त्याला व्हायचं नव्हतं. त्याला घरीच सराव करायचा होता.

रविवारी दुपारी त्याने चाकांना साखळ्या चढवायला घेतल्या, आणि घरासमोर ग्रेव्हिलिया स्ट्रीटवर हां हां म्हणता माणसं जमली. कोणी आपापल्या खुर्च्या आणल्या, कोणी लॅमिंग्टन केकचं ताट फिरवलं. ज्याने जन्मात बर्फ पाहिला नव्हता त्यानेही साखळी उलटी लागली आहे असं सांगितलं. पहिल्या चाकापायीच मर्विनने दोन शर्ट खराब केले. शेवटी दोन्ही साखळ्या बसल्या, टाळ्या पडल्या, आणि रॉस म्हणाला, "आता एक चक्कर मार. नाहीतर बसल्या की नाही कळणार कसं?"

मुद्दा बिनतोड होता. मर्विन गाडीत बसला आणि खडखडाट करत कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. खडखडाट इतका होता की त्याला लोकांचं ओरडणं ऐकू आलं नाही, आणि तो मोठ्या दिमाखाने हात हलवत राहिला. उतरून पाहतो तो रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन नांगरट केल्यासारखे चर पडले होते. ग्रेव्हिलिया स्ट्रीटवर नवा थर महिन्यापूर्वीच घातला होता. तो घालून घेतला होता मर्विननेच, मागे लागून, पाठपुरावा करून.

सोमवारी त्याच्या टेबलावर तक्रार आली. अज्ञात वाहनाने रस्त्याचं नुकसान केलं आहे, तरी संबंधिताने चौकशी करावी. संबंधित म्हणजे मर्विन. त्याने जागेवर जाऊन मोजमाप घेतलं, बाया पडद्याआडून बघत असताना घेतलं, आणि अहवालात लिहिलं की हे काम बहुधा एखाद्या जड शेतीयंत्राचं असावं.

शेरिलने अहवाल वाचला. "मर्व्ह, हे यंत्र तुझ्या गॅरेजमध्ये वळलेलं दिसतंय."

मर्विनने अहवाल परत घ्यायला हात पुढे केला.

"तू जा डोंगरावर," शेरिल म्हणाली. "आणि तिला बर्फ दाखवूनच ये. मंगळवारी सकाळी मात्र फावडं घेऊन रस्त्यावर उभा दिसला पाहिजेस."

शनिवारी सकाळी माउंट फॅरियरवर स्वच्छ ऊन पडलं होतं. नाक्यावरच्या तरुणाने अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा घातला होता आणि कपाळावरचा घाम पुसत तो साखळ्या तपासत होता. "पुढे बर्फ कसा आहे?" मर्विनने विचारलं. "हिरवा," तो म्हणाला आणि त्याने गाडी सोडली.

वर गवत होतं. चांगलं घोट्याएवढं, सकाळच्या दवाने चमकणारं गवत. त्या गवतावर दोनेकशे माणसं लोकरी टोप्या, जाड पाटलोणी आणि चष्मे घालून हातात बिअर घेऊन उभी होती, आणि मजेत होती. वर नेणारा रोपवे रिकामे पाळणे घेऊन वरखाली फिरत होता. बँड वाजला. एका बाईंनी हंगाम अधिकृतपणे सुरू झाल्याचं जाहीर केलं आणि लोकांनी आरोळी ठोकली. मर्विनने शेजारच्या माणसाला विचारलं, की बर्फ कुठे आहे.

"बर्फ?" तो म्हणाला. "उद्घाटनाला बर्फ कोण बघायला येतं? दरवर्षी असंच असतं दादा. पहिल्यांदाच आलात वाटतं."

एका कोपऱ्यात यंत्राने केलेल्या बर्फाची दोन पलंगांएवढी पट्टी दोरी लावून राखली होती आणि तिच्यावर उभं राहायला रांग होती. "हा बघ, बर्फ," मर्विन म्हणाला. ग्लेनिस रांगेत उभी राहिली नाही. ती म्हणाली, "पडताना, मर्व्ह." तिचा आवाज साधाच होता.

मग तो यंत्रावरच्या मुलीकडे गेला आणि आपलं सगळं गाऱ्हाणं त्याने तिच्यापुढे मांडलं. सायलो, पूल, ऑक्टोबर, मॅव्हिस. मुलगी म्हणाली, हवा गरम आहे, काही उपयोग होणार नाही. मर्विन म्हणाला, एकदाच. मुलगी मनाने चांगली होती. तिने ग्लेनिसला नळकांड्यासमोर उभं केलं आणि खटका दाबला. ग्लेनिसच्या अंगावर थंडगार पाण्याचा फवारा आला. नवा कोट, केस, बूट, सगळं निथळायला लागलं, आणि बँडवाल्यांनी काहीतरी ठरलेलंच आहे असं समजून ढोल बडवला.

रविवारी ऊन अधिकच छान पडलं. ग्लेनिस हॉटेलच्या गच्चीत कोट वाळत घालून कोडी सोडवत बसली. मर्विन दर तासाला काउंटरवर जाऊन हवामान विचारत होता. शेवटी काउंटरवरची बाई त्याला येताना बघूनच मान हलवायला लागली. संध्याकाळी मॅव्हिसचा फोन आला. ग्लेनिस म्हणाली, "नाही गं अजून. छान आहे इथं." मग पलीकडचं ऐकून म्हणाली, "हो, बघू."

सोमवारी सकाळी आभाळ भरून आलं आणि वारा बोचायला लागला. काउंटरवरची बाई पहिल्यांदाच म्हणाली, की दुपारनंतर सांगता येत नाही. पण दुपारनंतर थांबता येत नव्हतं. साखळ्या दुपारच्या आत टंबल क्रीकला परत द्यायच्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन रस्त्यावर उभं राहायचं होतं. मर्विनने सामान गाडीत ठेवलं. उतरताना तो मनात मॅव्हिसशी भांडत होता आणि तिथेही हरत होता.

टंबल क्रीकच्या त्या दुकानात फर्गस नावाचा एक दांडगा माणूस होता. ग्लेनिस म्हणाली, "मी बाहेरच थांबते," आणि गाडीशेजारी उभी राहिली. फर्गसने साखळ्या काउंटरवर पसरल्या, एक कडी उचलली आणि वास घेतला.

"याला डांबर लागलंय."

"शक्य नाही," मर्विन म्हणाला.

"कोरड्या रस्त्यावर घातल्यात तुम्ही या. बर्फ नसताना. असं कोण करतं?"

"मी तर नाहीच केलं."

"मग डांबर आलं कुठून?"

इथपर्यंत मर्विन सुरक्षित होता. तो गप्प बसला असता तर फर्गसने फार तर कुरकुर करून साखळ्या ठेवून घेतल्या असत्या. पण गेले तीन दिवस जो-तो त्याला वेड्यात काढत होता, आणि आता हा माणूस रस्त्याच्या बाबतीत बोलत होता.

"पहिली गोष्ट, हे डांबर नव्हे," मर्विन म्हणाला. "हे इमल्शन आहे. पाण्यात कालवून फवारतात, वर बारीक खडी दाबतात. डांबर असं सुटत नाही, त्याचा रंग वेगळा, तकाकी वेगळी. ही खडी बघा, कडीत अडकलीय. ही आमच्याच खाणीतली. ग्रेव्हिलिया स्ट्रीटवर एप्रिलात मी स्वतः उभं राहून हे काम करून घेतलंय."

फर्गसने काउंटरखालून रॉकेलचा डबा आणि एक चिंधी काढून मर्विनपुढे ठेवली. "पुसा," तो म्हणाला. आणि खिडकीकडे बघून म्हणाला, "अहो, पण आधी बाहेर बघा."

"विषय बदलू नका."

"विषय नाही बदलत. बाहेर बघा एकदा."

"बघेन, पण माझा मुद्दा पुरा होऊ द्या. तुम्ही लोक सरसकट सगळ्याला डांबर म्हणता. म्हणून रस्त्यांची ही अवस्था आहे," मर्विन म्हणाला, आणि चिंधी हातात घेऊन कडीकडी पुसत त्याने थरांचे प्रकार, खडीचे आकार आणि पावसाळी कामातले धोके असं सगळं सविस्तर सांगितलं. फर्गस ऐकत नव्हता. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला होता. मर्विनला वाटलं, खजील झाला.

साखळ्या लखलखीत झाल्यावर तो ताठ मानेने बाहेर आला. बाहेर बारीक पाऊस पडत होता. गाडीच्या टपावर, कुंपणाच्या खांबांवर, समोरच्या बाकावर पांढरं काहीतरी होतं आणि पावसाने भराभर विरघळत होतं. ग्लेनिस मगाच्याच जागी उभी होती. दोन्ही हात पुढे, तळवे वर. तिच्या पापण्या ओल्या होत्या, आणि कोटाच्या कॉलरवर उरलेला शेवटचा पांढरा ठिपका मर्विनच्या डोळ्यांदेखत पाणी होऊन गेला.

"पडला?" तो म्हणाला.

ग्लेनिसने मान डोलावली.

"खूप?"

"पुष्कळ. मोठामोठा. आधी सगळं गप्प झालं, मर्व्ह. मग आला."

"मग मला हाक नाही मारायची?"

"हाक मारायची नसते," ग्लेनिस म्हणाली.

मर्विनच्या हाताला रॉकेलचा वास येत होता. त्याला एकदम रडू आल्यासारखं झालं, आणि पडता बर्फ आपल्याला दिसला नाही म्हणून की तिला दिसला म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने आकाशाकडे तोंड करून पाहिलं. पाऊसच होता. मग त्याने गाडीचं दार तिच्यासाठी उघडून धरलं, जे तो एरवी करत नसे.

परतीच्या वाटेवर ग्लेनिस बोलत होती. पहिला कण कुठे पडला, तो बाहीवर कसा टिकला, समोरच्या बाकावरची म्हातारी तोंड वर करून कशी हसली, शेजारच्या गाडीतला कुत्रा बर्फ कसा चावायला गेला. पायथा सरला, माळ लागला, टॅलो फ्लॅटचा सायलो दिसायला लागला, तरी तिचं संपलं नव्हतं. मर्विनने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. रात्री तिने मॅव्हिसला फोन केला आणि तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि मर्विनने तेही स्वयंपाकघरात उभं राहून पुन्हा ऐकलं.

मंगळवारी सकाळी तो ग्रेव्हिलिया स्ट्रीटवर फावड्याने चर बुजवत होता. रॉस खुर्ची घेऊन कुंपणाशी आला. मिसेस झानेट्टी आपल्या फाटकात उभ्या होत्या. ग्लेनिस अंगणात कपडे वाळत घालत होती.

"मग, काय ठरलं गड्या?" रॉसने विचारलं. "डोंगरावर जायचा उत्तम काळ कोणता?"

मर्विनने फावडं टेकवलं आणि गंभीरपणे विचार केला. "राजाच्या वाढदिवसाची जोडसुट्टी. सोमवार. टंबल क्रीक, साखळ्यांच्या दुकानाबाहेर."

"आणि मर्व्हला आत पाठवायचं," ग्लेनिस म्हणाली, आणि तिने दोरीवरचा कोट उलटा केला.